आरसा हलवू नको

गाडी हेमलताचीच.
टाकीवर लाल फुलीचं स्टिकर, अर्धं खरवडलेलं.
किक तिसऱ्या वेळी लागते,
चोक ओढला तर दुसऱ्या.
"आरसा हलवू नको, मामा,"
प्राची म्हणाली पेठ नाक्यावर, हेल्मेटचा पट्टा आवळत.
ताई माझ्याहून वीतभर ठेंगणी.
तिच्या उंचीला लावलेल्या आरशात मला दिसतं
माझंच कोपर,
आणि मागे पळणारा डांबराचा तुकडा.
नाही हलवला.

वर्षश्राद्ध काल झालं, रामकुंडावर.
गुरुजींनी घाई केली, पुढचे यजमान ताटकळत होते.
आजच्या ह्याला नाव नाही.
तीन गाड्या, सहा माणसं:
माझ्यामागे आई, पाय एका बाजूला सोडून;
प्राचीच्या स्कूटरवर भाऊजी,
दर वळणावर लेकीला "हळू" म्हणतात
आणि तिला ते ऐकू जात नाही;
धाकटा सुहास बायकोला घेऊन सगळ्यांच्या पुढे,
चहाच्या टपऱ्या हेरत.

आई वर्षभर ह्या गाडीकडे पाठ करून बसली.
ताई गाडीवर नाही गेली. कॉटवर गेली,
किडन्यांनी, सतराव्या दिवशी.
पण दोष कुणाला तरी द्यायचा होता
आणि गाडी अंगणात उभीच होती.
आज पहाटे स्वतःहून म्हणाली, मी हिच्यावर बसते.
मांडीवर निळी पेटी, ताईची, लशींची.
आत बर्फ नाही, डिंकाचे लाडू.
"दर महिन्याला दोन किलो न्यायची बघ,
आणि अंगावर मूठभर मांस धरलं नाही कधी."

आरटीओ गेलं,
जिथे ताई लायसनच्या टेस्टला दोनदा नापास झाली
आणि तिसऱ्यांदा साहेबालाच मागे बसवून आली.
मग मळे. द्राक्षांचे घड
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले,
कुठल्याशा निवडणुकीत पडलेले चेहरे
वेलींवर लटकत गोड होत होते.
रामशेज मागे पडला.
सावळघाटात जानेवारीची थंडी कानात शिरली,
आईचा हात माझ्या जॅकेटच्या खिशात.
चढावर गाडीने गचके दिले.
कॉक रिझर्व्हला फिरवायला हात खाली गेला,
तर तिथे तिने दोरा बांधलेला,
अंधारात सापडावा म्हणून.

करंजाळीच्या पुढे डांबर संपलं.
उंबरपाड्यात आमच्या आधी आवाज पोहोचला.
बाया दारात आल्या, लेकरं कडेवर,
दंड दाखवायच्या तयारीनेच आल्या जणू,
आणि मला बघून थबकल्या.
आईने पेटी उघडली.
एका म्हातारीने लाडू हातात फिरवला, हुंगला.
"हेच," ती म्हणाली. "बाळंतिणीला हेच आणायच्या सिस्टर.
माझ्या तिन्ही सुना ह्याच्यावरच उठल्या."

कुणी काही बोललं नाही.
भाऊजी लगेच चष्मा पुसायला लागले,
ज्यावर तशी काही धूळ नव्हती.
आईने विचारलं, अशा किती?
बायांनी बोटांची पेरं मोजली,
शेजारच्या पाड्याचं नाव घेतलं, मग त्याच्या पलीकडच्या.
आई ऐकत राहिली, ऐकत राहिली
आणि एकदम चिडली:
"अगं मग सांगायचं ना मला!
चार किलो केले असते."
हे ती त्या बायांना नाही म्हणाली.
गाडीकडे बघून म्हणाली.

परतताना ऊन कलतं झालेलं.
घाटाच्या उतारावर, कुणी बघत नाहीसं पाहून,
मी वीतभर वाकलो.
डांबर वर सरकलं, कोपर गेलं,
आणि सबंध रस्ता आला आरशात:
प्राचीचा दिवा, भाऊजींचा उघडलेला "हळू",
कडेला आईच्या पदराचं टोक, फडफडतं,
आणि लांब मागे कुणीतरी बाई, डोक्यावर मोळी घेतलेली,
आमच्याकडे बघत उभी.

पाठीत कळ आली.
"सरळ बस की," आई म्हणाली.
तिचं तोंड लाडवाने भरलेलं होतं.
बसतो म्हणालो,
आणि आशेवाडीच्या फाट्यापर्यंत तसाच वाकून आलो.